सेडान व मोठ्या एसयूव्ही वाहनांतील अंतर्गत अवकाश आणि प्रवाससुख : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

वाहन बाहेरून जितके भव्य तितके ते आतून प्रशस्त, असा समज समाजात दृढ झालेला दिसतो. मोठी रक्कम खर्चून घेतलेले वाहन कुटुंबांत अनेक वर्षे वापरले जाते. त्यामुळे हा समज चुकीचा ठरल्यास त्याची किंमत प्रत्येक प्रवासात, विशेषतः घरातील वृद्धांना, मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

'एसयूव्ही' या संज्ञेचा आतील जागेशी थेट संबंध नाही, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची रचना बदलेपर्यंत अशा वाहनांवर जो अधिभार होता, त्यासाठी ४००० मिलिमीटरपेक्षा अधिक लांबी, १५०० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे इंजिन आणि जमिनीपासून तळाची किमान १७० मिलिमीटर उंची हे निकष होते. बसणाऱ्याच्या गुडघ्यांना किती जागा मिळते याचा त्यात उल्लेख नव्हता. करआकारणीला त्याची गरजही नव्हती.

लांबी, उंची आणि बैठक

पाय पसरण्याची जागा मुख्यतः पुढील व मागील चाकांमधील अंतरावर, म्हणजेच व्हीलबेसवर अवलंबून असते. स्कोडा कंपनीची तिसऱ्या पिढीची सुपर्ब ही सेडान आणि पहिल्या पिढीची कोडियाक ही एसयूव्ही या दृष्टीने उद्बोधक आहेत. दोन्ही वाहने एकाच तांत्रिक पायावर उभी होती आणि दोहोंची जुळणी तत्कालीन औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे होत असे. सुपर्बचा व्हीलबेस सुमारे २८४० मिलिमीटर, तर कोडियाकचा सुमारे २७९० मिलिमीटर होता. उंचीत मात्र कोडियाक सुमारे २०० मिलिमीटरने वरचढ होती. म्हणजे दिसायला मोठ्या वाहनात दोन रांगांऐवजी तीन रांगा बसवायच्या होत्या, आणि त्याही अधिक आखूड अंतरात.

तरीही एसयूव्हीत बसताच मोकळेपणा जाणवतो, आणि तो केवळ भास नसतो. सेडानचे छत खाली असल्याने आसनही खाली असते. प्रवासी किंचित मागे रेलून पाय पुढे पसरतो व त्यासाठी लांबी अधिक लागते. एसयूव्हीत तो खुर्चीत बसावे तसा ताठ बसतो, गुडघे अधिक वाकतात आणि तेवढ्याच आरामासाठी कमी लांबी पुरते. संधिवाताच्या रुग्णाला याचा खरा लाभ होतो. सेडानमध्ये उतरताना त्याला स्वतःचे वजन गुडघ्यांवर तोलून वर उठावे लागते. मात्र आसन कमरेच्या पातळीपर्यंतच सोयीचे असते. त्याहून उंच गेले की पायरी आणि हातकडी यांचा आधार घेऊन चढावे लागते, आणि मग ज्यांच्यासाठी वाहन घेतले त्या आईवडिलांचीच पंचाईत होते.

टोयोटा फॉर्च्युनरसारख्या वाहनांत आणखी एक अडचण येते. त्यांचा सांगाडा शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र पोलादी चौकटीवर बसवलेला असतो. ही रचना ओढकामाला व बिकट वाटांना उत्तम. परंतु चौकटीच्या जाडीमुळे आतील तळ वर उचलला जातो. बाहेरून दिसणाऱ्या उंचीचा काही भाग अशा रीतीने प्रवाशाच्या पायांखालीच संपतो.

तिसरी रांग

तिसऱ्या रांगेत हा प्रश्न तीव्र होतो. तेथे खाली मागील आस असतो, तळ अधिक उंच असतो आणि आसन व तळ यांत अंतर फारसे उरत नाही. गुडघे छातीकडे येतात, मांड्यांना आधार मिळत नाही. सर्व रांगा वापरात असताना कोडियाकमध्ये सामानासाठी २७० लिटर जागा उरत असे. तिसरी रांग दुमडल्यावर ती ६३० लिटर होई. सुपर्बची डिकी ६२५ लिटरची होती. सात माणसे आणि सात माणसांचे सामान या दोन गोष्टी एकाच वेळी सहसा साधत नाहीत. तिसऱ्या रांगेत सहसा कोण बसते, हेही पाहण्यासारखे आहे : लहान मुले, नाहीतर कुटुंबात ज्याच्या शब्दाला सर्वांत कमी वजन तो. वाहन निवडताना त्याचे मत क्वचितच विचारले जाते.

चालत्या वाहनातील सुख

सर्वांत कमी हादरे पुढील व मागील चाकांच्या मधल्या भागात बसतात. आसावर किंवा त्यामागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा अधिक जाणवतो. फॉर्च्युनरप्रमाणे मागील आस अखंड असल्यास एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो. शिवाय उंच वाहनाचा गुरुत्वमध्य वर असल्याने वळणावर ते अधिक कलते, आणि प्रवाशाचे डोके त्या कलण्याच्या अक्षापासून दूर असल्याने अधिक हेलकावते. आंबोली किंवा वरंधा घाटात मागे बसलेल्याला गाडी लागते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरीकडे मोठ्या व्यासाची चाके आणि जाड टायर यांमुळे उखडलेला रस्ता एसयूव्ही निर्धास्तपणे पार करते. तेथे सेडानचा तळ घासण्याची धास्ती असते.

आवाजाबाबत सेडानची बाजू सरस ठरते. तिची डिकी प्रवासी कक्षापासून वेगळी असल्याने मागील चाकांचा आवाज तेथेच बराचसा अडतो. एसयूव्हीत सामानाची जागा व प्रवासी कक्ष एकच असतात. तेवढी मोठी पोकळी मे महिन्यात थंड करण्यास वेळही अधिक लागतो.

विक्रीकेंद्रातील पाहणीत यांपैकी फारच थोडे कळते. तेथे वाहन उभे असते आणि पुढील आसन बहुधा पुढे सरकवलेले असते. चालकाचे आसन घरच्या चालकाच्या मापाने मागे घ्यावे, मग त्यामागे वडीलधाऱ्यांना आणि शेवटच्या रांगेत जो नेहमी बसणार आहे त्याला बसवावे, आणि वाहन किमान अर्धा तास खराब रस्त्यावर चालवून पाहावे.