अंदाज किती खरा?

मृग जवळ आला, की आपल्या नवेगाव बांधला एक बोलणे हमखास निघते. एक जण म्हणतो, "यंदा पाऊस बरा आहे, रेडिओवर सांगितले." दुसरा म्हणतो, "त्यांचे काय ऐकता भाऊ? उद्याचे धड सांगता येत नाही, अन् म्हणे पन्नास वर्षांनी ऊन वाढेल!" पऱ्हे कधी टाकायचे, हा पोटाचा प्रश्न आहे. म्हणून याचा नीट विचार करू या.

हवामान खाते एप्रिलमध्ये पावसाळ्याचा अंदाज देते. देशात जून ते सप्टेंबर सरासरी 87 सेंटीमीटर पाऊस पडतो. यंदा त्याच्या किती टक्के पडेल, ते खाते सांगते. यात चार-पाच टक्क्यांची चूक होऊ शकते, हेही सांगते. ते आपण ऐकतच नाही! 2009 साली एप्रिलमध्ये 96 टक्के सांगितले आणि पडला 78 टक्के. दुष्काळ झाला. 2015 साली जूनमध्ये 88 सांगितले, पडला 86. शिवाय हा हिशेब साऱ्या देशाचा. आपल्या बांधीत किती पडेल, ते त्यात नसते.

मग पन्नास वर्षांचे कसे सांगतात? शहरातली एक गोष्ट पाहा. पुण्यात 2017 साली भाड्याच्या सायकली रस्त्याकडेला ठेवल्या. मोबाइलने कुलूप उघडायचे आणि निघायचे. आता हाती येणारी सायकल धड असेल की नादुरुस्त, हे आधी कोण सांगणार? पण रोजची नोंद ठेवली, तर शंभरांत किती नादुरुस्त निघतात ते कळते. दुरुस्ती थांबली तर तो आकडा वाढणार, हेही कळते. एकीचे सांगणे अवघड, शंभरांचे सोपे.

हवेचेही तसेच. वैशाखात कोणता दिवस जास्त तापेल, ते ठाऊक नसते. पण पौषापेक्षा वैशाख तापतो, याची पैज कोणीही लावील. कोळसा, तेल जाळल्याने हवेत कार्बन वायू वाढतो. तो घोंगडीसारखा उष्णता धरून ठेवतो. 1850 ते 1900 या काळापेक्षा 2011 ते 2020 ही दहा वर्षे सुमारे 1.1 अंशाने जास्त तापली. हे माणसामुळे झाले यात शंका नाही, असे जगातल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने 2021 साली सांगितले. वाद आहे तो पुढचा. आणखी किती तापेल? कोठे किती पडेल? तेथे ते 'बहुधा' म्हणतात. आम्हाला तर छातीठोक सांगणाऱ्याचीच जास्त भीती वाटते.

आपला तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. कोणत्या साली पाऊस दगा देईल, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. अधूनमधून देतो, एवढे ठाऊक होते. तेवढ्यावर त्यांनी पाळ घातली. आपणही अंदाज चांगला आला तरी सगळे पऱ्हे एकाच दिवशी टाकू नयेत. थोडे बियाणे मागे ठेवून आठ-दहा दिवसांनी टाकावे. पहिले करपले, तर रोवणीला दुसरे हाताशी राहतात.