पिकणे, नमते घेणे, उतरणे

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. १९५० साली तिथल्या एका चौकात पिवळी पाटी लागली. क्लिंटन रिग्ज या पोलीस अधिकाऱ्याने ती घडवली होती. आडव्या रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्या, एवढंच तिचं सांगणं आणि त्यासाठी वापरलेला शब्द ‘यील्ड’. अमेरिकेतला शेतकरी मक्याचं एकरी पीक याच शब्दात मोजतो. मुंबईच्या रोखे बाजारात सरकारी कर्जरोख्यांचं यील्ड रोज वरखाली होतं. वेढ्यात अडकलेला इंग्रज किल्लेदार किल्ला शत्रूच्या हवाली करायचा, तोही याच क्रियापदाने.

पीक आणि पराभव एका शब्दात कसे आले? जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता चुकते करणे, देणे भागवणे. पैशासाठीचा जर्मन शब्द ‘गेल्ड’ त्याचा सख्खा भाऊ. माणसाने देणे दिले तरी यील्ड आणि जमिनीने धान्य दिले तरी यील्ड. देता देता हातातला हक्कच सोडून देणे हा अर्थ मागून आला. या दोन अर्थांची गाठ इतिहासातही पडलेली दिसते. ९९१ साली मॉल्डनच्या लढाईत इंग्रज हरले आणि डेन हल्लेखोरांनी परत जावे म्हणून त्यांनी दहा हजार पौंड चांदी मोजली. अशा खंडणीला पुढे ‘डेनगेल्ड’ नाव पडले. चांदी मोजणे आणि नमते घेणे त्या दिवशी एकच होते.

अरबीत भाषांतर करणाऱ्याला मात्र अशी एकाच शब्दाची सोय नाही. समोरच्या वाक्यात शेत आहे, बँक आहे, सैन्य आहे की चौक, हे आधी पाहावे लागते आणि मगच शब्द निवडता येतो. मराठी माणसाला यातले बरेच शब्द ओळखीचे निघतात.

शेताचा शब्द आहे ‘महसूल’. आजच्या अरबीत त्याचा अर्थ पीक. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला तोवर पिकावरचा सरकारी वसूल झाला होता. रघुनाथपंत हणमंते यांनी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी आजही मंत्रालयात महसूल विभाग आहे आणि तालुक्याला तहसीलदार. ‘तहसील’ही त्याच धातूतला, अर्थ गोळा करणे. ‘आता रडून काय हशील?’ या वाक्यातलं हशीलही तिथलंच: हाती काय लागणार? आणि अरब मुलं नाणी साठवतात त्या डब्याचं नाव आहे ‘हस्साला’. शेतीच्या उत्पन्नाला अरबीत आणखी एक शब्द आहे, ‘गल्ला’. आपल्याकडे तो आधी धान्य होता, आता वाण्याच्या दुकानात पैशांची पेटी झाला आहे.

बँकेच्या यील्डला अरबी म्हणते ‘आइद’, म्हणजे परत येणारे. मराठी अर्थपानांवरचा ‘परतावा’ नेमकी हीच कल्पना सांगतो. अरब कोशकार ‘ईद’ची व्युत्पत्तीही याच धातूतून देतात: दरवर्षी परत येणारा दिवस.

हार मानण्याच्या बाबतीत अरबी फार बारकाईने बोलते. शस्त्र खाली ठेवले की ‘इस्तिस्लाम’. सलाम, सहीसलामत, इस्लाम या शब्दांचाच हा धातू आहे, म्हणून शरणागतीच्या या शब्दातही शांततेचा आणि सुरक्षिततेचा अंश राहतो. सत्तेखाली किंवा नियमाखाली येणे म्हणजे ‘खुदूअ’. उत्पन्न करपात्र असेल तर ते कराला ‘खादिअ’ असते. मुकाट्याने मान्य करणे म्हणजे ‘इज़आन’. ‘इन्कियाद’ शब्दात जनावर दिसते: पुढून कोणीतरी दावं धरून ओढतो आहे आणि ते मागोमाग चालते आहे. दबावाखाली वाकणे म्हणजे ‘रुदूख’. त्याच्या धातूचा जुना अर्थ खजुराची बी दगडाने फोडणे. संपकऱ्यांपुढे सरकार झुकले, अशा बातमीत अरबी पत्रकार हे क्रियापद वापरतो तेव्हा त्यातला तो टणक आवाज अजून ऐकू येतो. मराठीकडेही माघार घेणे, पड खाणे, नांगी टाकणे अशी श्रीमंती आहे. म्हणून अशा वाक्याचं मराठी करताना दर वेळी ‘शरण जाणे’ लिहून मोकळे होणे हा आपल्याच भाषेवर अन्याय आहे.

टल्साच्या पाटीला यातला एकही शब्द चालत नाही. थांबलेला चालक हरलेला नसतो. अरबी वाहतुकीच्या भाषेत तो समोरच्याला ‘अफ़्दलिय्या’ देतो, म्हणजे अग्रक्रम. आपला ‘फाजील’ शब्द याच धातूचा, त्यात जास्तीचेपणा तेवढा उरला.

राहिला ‘तनाज़ुल’, आणि या सगळ्यात सुंदर शब्द हाच. हक्क सोडणे, सवलत देणे, गादी सोडणे, सगळ्याला तो चालतो. धातू ‘नज़ल’, अर्थ उतरणे. प्रवासी उंटावरून उतरतो ती जागा ‘मंज़िल’. आपली ‘मजल दरमजल’ तिथूनच आली. २६ जुलै १९५२ रोजी अलेक्झांड्रियाच्या रास अल-तीन राजवाड्यात इजिप्तचा राजा फारूक याने सिंहासन सोडण्याच्या कागदावर सही केली आणि त्याच संध्याकाळी ‘महरूसा’ या नौकेतून तो देश सोडून गेला. गादी सहा महिन्यांच्या मुलाकडे गेली. त्या कागदावर सिंहासन सोडण्यासाठी शब्द होता ‘नुज़ूल’, सिंहासनावरून उतरणे.

नागपूर-अमरावतीकडच्या वाचकाने हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. त्याच्या भाडेपट्ट्यावर, नूतनीकरणाच्या अर्जावर तोच आहे: नझूल. मूळ धन्याकडून सुटून सरकारकडे उतरलेली जमीन. आणि त्याच मुलखातला शेतकरी यंदा कापूस एकरी किती झाला हे सांगतो तेव्हा यील्डला त्याचा शब्द असतो उतारा. या शब्दाचा अरबीशी काही संबंध नाही, तो ‘उतरणे’पासून मराठीतच घडला आहे. राजा सिंहासनावरून उतरतो, जमीन सरकारकडे उतरते, पीक शेतातून घरात उतरते.