बीएस्सीनंतर एमपीएच : कोयता निघायच्या आधी कागद काढा

दिंद्रुडहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "पोरगी बीएस्सी झाली. तिला आरोग्यातलं पुढचं शिकायचंय. एकजण म्हणतो, दोन लाख भरा, सीट पक्की. गटातून कर्ज मिळंल का?" आम्ही म्हटलं, ताई, जरा थांबा. पैसे भरायच्या आधी माहिती काढू. तीच आज तुम्हाला सांगतो.

या शिक्षणाचं नाव मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच. दोन वर्षांचं. डॉक्टर एका बाईला तपासतात. हे शिकलेली मुलगी विचारते, एकाच वस्तीतल्या एवढ्या बायका आजारी का? आपल्या जिल्ह्याचंच बघा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत साधारण एक. आपल्याला हे घरोघर माहीत होतं, पण मोजल्यावर ते सगळ्या राज्याला दिसलं. असं मोजणारी, कारण शोधणारी मुलगी आपल्यातली का नसावी?

आता कुठं शिकायचं? आधी सरकारी आणि सार्वजनिक संस्था बघा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात एमपीएच आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्येही आहे. टिससाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्रवेश गुणांवर मिळतो, कुणाच्या ओळखीवर नाही. म्हणून 'सीट पक्की' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. संस्थेचं माहितीपत्रक मुलीला स्वतः वाचू द्या.

खर्च धरताना नुसती फी धरू नका. वसतिगृह, मेस, एसटीचं भाडं, पुस्तकं, सगळं दोन वर्षांचं एका कागदावर मांडा. फी कमी दिसते आणि राहण्याजेवणातच पैसे जातात, असं होतं.

मदत कुठून मिळेल? अनुसूचित जातीच्या मुलांना, घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्याजेवणासाठी स्वाधार योजना आहे. २०२४-२५ पासून राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी संस्थेला विचारा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. पैसे उशिरा येतात, म्हणून 'सुरुवातीला किती भरावे लागतील' हेही विचारून घ्या. तरीही कमी पडलं तर सावकार किंवा मायक्रोफायनान्सकडं न जाता बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. त्याचे हप्ते शिक्षण झाल्यावर सुरू होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सीयूईटीचे फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास असते. तेव्हा आपल्यातले कितीतरी आईबाप कारखान्यावर असतात. तलाठ्याकडं जायला, सही करायला घरी कुणी नसतं आणि एका दाखल्यापायी पोरीचं वर्ष जातं. म्हणून दसऱ्याला कोयता निघायच्या आधीच जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघून घ्या. पोरीच्या बँक खात्याला आधार जोडलंय का, तेही तपासा. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी पोरीच्या हातात द्या.

नोकरीचंही खरं सांगतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात आणि संस्थांमध्ये कामं असतात, पण बरीचशी कंत्राटी असतात. हे जाणूनच निर्णय घ्या.

आमच्या गटानं ठरवलंय, 'सीट पक्की'साठी कर्ज द्यायचं नाही. परीक्षेचा फॉर्म, दाखले आणि भाडं यासाठी मात्र द्यायचं. त्या ताईनं पहिलं कर्ज उचललं. तुमच्या गटात बीएस्सी झालेली कुणाची पोर आहे का? येत्या बैठकीत विचारा.