सोन्याचा भाव, माइलचा भाव

विमान कंपनीचे ‘माइल’ हे आता अंतराचे माप राहिलेले नाही. ते त्या कंपनीने स्वतः काढलेले चलन आहे. नेहमीच्या प्रवाशाच्या खात्यावर कंपनी हे माइल्स जमा करते आणि पुढे त्यांच्या बदल्यात विमानातली जागा देते. मुंबई-न्यूयॉर्क विमानातील बिझनेस क्लासचे रोख भाडे लाखांत जाते; तीच जागा पुरेसे माइल्स आणि वर कर-अधिभार भरून मिळू शकते. अशा तिकिटाला ‘अवॉर्ड तिकीट’ म्हणतात. जळगाव-धुळ्याच्या ज्या घरांतली मुले अमेरिकेत किंवा युरोपात नोकरीला आहेत, तिथे हा विषय बहुधा आईवडिलांच्या गुडघ्यांवरून निघतो: पंधरा-सोळा तास पाय दुमडून बसायचे कसे?

चलनाचा जन्म

अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाईक टिकवण्याची चढाओढ लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना काढली; त्याच महिन्यात युनायटेडने ‘मायलेज प्लस’ आणली. सुरुवातीचा हिशेब सरळ होता. जितके मैल उडाल, तितके खात्यावर जमा. १९८७ मध्ये सिटीबँक आणि अमेरिकन यांनी मिळून क्रेडिट कार्ड काढले आणि विमानात पाय न ठेवताही माइल्स मिळू लागले. पुढे अंतराचा संबंधही सुटत गेला. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने अंतराऐवजी तिकिटावर खर्च झालेल्या पैशांवर माइल्स द्यायला सुरुवात केली. एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही तिची जुनी योजना २०२५ पासून ‘महाराजा क्लब’ या नावाने चालते. हा महाराजा म्हणजे १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला, झुकून स्वागत करणारा मिशीवाला.

एका कंपनीचे माइल्स दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालतात, ते कंपन्यांच्या संघांमुळे. स्टार अलायन्स १९९७ मध्ये, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये स्थापन झाले. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. त्यामुळे कॅनडाच्या ‘एरोप्लॅन’ योजनेतले गुण वापरून एअर इंडियाची जागा घेता येते आणि महाराजा क्लबच्या गुणांवर लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सचीही.

कंपन्या हे माइल्स फुकट वाटत नाहीत. बँका ते विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन घाऊक विकत घेतात आणि कार्डधारकांना बक्षीस म्हणून देतात. हा धंदा किती मोठा आहे, ते कोविडच्या काळात दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना, २०२० मध्ये युनायटेडने मायलेज प्लस योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. सोनेतारण कर्ज ठाऊक असलेल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. ज्या वस्तूवर सावकार पैसे देतो, तिला किंमत असते. पण इथे ती किंमत ठरवण्याचा हक्क वस्तू काढणाऱ्याकडेच राहतो.

जागा म्हणजे नेमके काय

बिझनेस क्लास ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेली मधली श्रेणी. ती सुरुवातीला जरा रुंद खुर्चीपुरतीच होती. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने तिथे पूर्ण आडवा होणारा पलंग आणला आणि लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासचा अर्थ बदलला. इकॉनॉमीत एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण ३१-३२ इंच असते. बिझनेसमध्ये खुर्ची सपाट झाली की सहा-साडेसहा फुटांचा बिछाना होतो. त्यातही विमानाप्रमाणे फरक पडतो. एका रांगेत १-२-१ अशी मांडणी असेल, तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येते. २-२-२ मांडणीत खिडकीशी बसलेल्याला रात्री उठायचे झाले तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. रात्रीतून तीनदा उठणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशासाठी हा तपशील जेवणाच्या यादीपेक्षा महत्त्वाचा आहे.

या जागा थोड्याच असतात. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या एअर इंडियाच्या ए३५०-९०० विमानात एकूण ३१६ जागा आहेत. त्यांपैकी इकॉनॉमीच्या २६४, तर बिझनेसच्या फक्त २८. या अठ्ठावीसपैकी रोखीने विकल्या जाणार नाहीत असे वाटते तेवढ्याच जागा कंपनी स्वस्त माइल्समध्ये सोडते. बहुतेक वेळा एक किंवा दोन, कधी एकही नाही.

बिझनेसच्या तिकिटात सामानाची मुभाही जास्त असते. अमेरिकेच्या वाटेवर साधारणपणे ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात. इकॉनॉमीत बॅग २३ किलोची. कुरडया, पापड, शेवया नीट बांधून नेता येतात. भरिताची ताजी वांगी मात्र अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतली जातात. ताज्या भाजीपाल्याला तिथे बंदी आहे. जेवणाची सोय तिकीट काढल्यावर लगेच नोंदवावी. जैन जेवणासाठी ‘व्हीजेएमएल’ आणि भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणासाठी ‘एव्हीएमएल’ असे संकेत आहेत.

माइल्स येतात कुठून

जळगाव-धुळ्यात राहून केवळ विमानप्रवासाने एवढे माइल्स जमणे कठीण. ते येतात क्रेडिट कार्डांतून. भारतातल्या काही बँकांच्या कार्डांवरचे रिवॉर्ड पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात. कुठे एकास एक, कुठे दोनास एक, असा भाव असतो आणि बँका तो बदलतात. इंधन, घरभाडे, विमा असे खर्च अनेक कार्डांच्या अटींत वगळलेले असतात. सोन्याच्या खरेदीवर गुण मिळतात की नाही, याचा नियमही बँकेगणिक वेगळा. शिवाय दुकानदाराने कार्डासाठी वर दोन टक्के लावले, तर मिळालेल्या गुणांची कमाई तिथेच संपते.

एक धोका यापेक्षा मोठा आहे. कार्डाचे बिल पूर्ण भरले नाही, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागते. व्याज भरून जमवलेले माइल कधीही परवडत नाही.

म्हणून खानदेशातल्या अनेक घरांत माइल्स जमतात ते परदेशातल्या मुलांच्या खात्यावर. अमेरिकेत नवे कार्ड घेताना मिळणारी बक्षिसी मोठी असते आणि आपल्या खात्यातून आईवडिलांचे तिकीट काढायला बहुतेक योजना परवानगी देतात. सिंगापूरच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये त्यासाठी आधी नावे नोंदवावी लागतात; अशी पाच नावे चालतात. जपानच्या एएनए कंपनीची योजना फक्त जवळच्या नातेवाइकांपुरतीच आहे. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. महाराष्ट्रातल्या पासपोर्टांवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा जोडून असते. मुलाने घाईत ते गाळले, तर विमानतळावर अडचण येते आणि अवॉर्ड तिकीट दुसऱ्या नावावर करता येत नाही.

जागा शोधण्याची रीत

क्रम एकच: आधी जागा, मग माइल्स. बँकेतून विमान कंपनीकडे वळवलेले गुण परत येत नाहीत. त्यामुळे जागा दिसल्याशिवाय ते वळवणे म्हणजे घर न पाहता विसार देणे.

बहुतेक कंपन्या प्रवासाच्या ३३० ते ३६० दिवस आधी तिकिटे खुली करतात. माइल्सच्या जागा तेव्हा दिसतात किंवा मग शेवटच्या दोन आठवड्यांत, विक्री न झालेल्या जागा उरल्यावर. मधल्या काळात त्या विरळ असतात. खानदेशातले आईवडील साधारण एप्रिल-मेमध्ये निघतात. इकडे भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिकडे थंडी सरलेली असते. गणपती-दिवाळीच्या आधी ते परततात. नेमकी हीच सर्वांच्या सुट्यांची वेळ असल्याने तारखांत आठवडाभर पुढेमागे होण्याची तयारी ठेवावी लागते. दोघांना एकाच विमानात जागा हवी असेल, तर ती तयारी आणखी हवी.

स्टार अलायन्समध्ये भागीदार कंपन्यांना सोडलेल्या बिझनेसच्या जागेचा संकेत ‘आय’ हे अक्षर, इकॉनॉमीचा ‘एक्स’. पडद्यावर जागा दिसते, पण पैसे भरताना तिकीट निघत नाही, असेही होते. जुनी माहिती पुसली गेलेली नसते. म्हणून तिकीट निघाल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, तेरा आकडी तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणारी कंपनी सांगतात: ०९८ म्हणजे एअर इंडिया, ०१४ म्हणजे एअर कॅनडा. दुसरी, प्रत्यक्ष उडणाऱ्या कंपनीचा सहा अक्षरांचा संदर्भ. तो तिच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि जागा दिसली, की तिकीट पक्के.

हिशेब

समजा, एका बाजूच्या बिझनेस तिकिटाचे रोख भाडे ३,००,००० रुपये आहे. माइल्सने तीच जागा ९०,००० माइल्स आणि ३०,००० रुपये कर-अधिभार एवढ्यात मिळते. वाचले २,७०,००० रुपये. म्हणजे एका माइलला तीन रुपये भाव आला. आकडा देखणा आहे, पण तो अर्धाच खरा. ज्या कुटुंबाने रोख पैसे देऊन बिझनेस कधीच घेतला नसता, त्याने तुलना इकॉनॉमीशी करायला हवी. इकॉनॉमीचे भाडे ६०,००० असेल, तर प्रत्यक्षात खिशात राहिले ३०,०००. भाव झाला माइलला तेहतीस पैसे. या दोन आकड्यांमधली रक्कम म्हणजे पलंगाची किंमत. ती योग्य की अवाजवी, हे प्रवाशाच्या कमरेवर आणि वयावर ठरते.

अधिभारही कंपनीगणिक बदलतो. ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्सा यांच्या जागांवर तो बराच लागू शकतो. तिकिटाच्या तपशिलात तो ‘वायक्यू’ म्हणून दिसतो. एरोप्लॅन भागीदारांच्या जागांवर हा अधिभार घेत नाही. रोख तिकीट घेणाऱ्यांसाठी दुसरी नोंद: २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज इतर श्रेणींच्या तिकिटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे.

घरापासून मुंबईपर्यंत

खानदेशच्या प्रवाशाचा सर्वांत कच्चा दुवा जमिनीवर आहे. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर आणि शिरपूरला वैमानिक घडतात, पण तिथून प्रवासी विमान नाही. जळगावचे विमानतळ २०१२ मध्ये नव्या रूपात खुले झाले. ‘उडान’ योजनेत २०१७ पासून सेवा सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईची विमाने लागली. ती छोटी एटीआर विमाने आहेत आणि त्यांचे तिकीट परदेशी प्रवासाच्या तिकिटापासून वेगळे असते. यांतले मुंबईचे विमान अलायन्स एअरचे. एअर इंडिया टाटांनी घेतली, तेव्हा तिची ही उपकंपनी टाटांकडे न जाता सरकारकडेच राहिली, त्यामुळे ती आता एअर इंडियाच्या घरातली नाही. दोन तिकिटे वेगळी असली, की पहिले विमान उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. प्रवासी गैरहजर ठरतो आणि त्याच तिकिटावरचा पुढचा प्रवासही रद्द होतो.

रेल्वेने जळगाव ते मुंबई ४२० किलोमीटर आहे. जळगावची गाडी असो की धुळ्याहून मालेगाव-नाशिकमार्गे येणारी मोटार, दोन्हींना कसारा घाट उतरावाच लागतो आणि पावसाळ्यात तो कधी अडवेल याचा नेम नसतो. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

तारखेचाही घोळ होतो. युरोपकडची बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.४५ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला हजर राहायचे असते. १५ च्या रात्री पोहोचलेल्याचे विमान वीस तासांपूर्वीच गेलेले असते.

साठवावे की खर्चावे

क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी मावळतात. मुदत नसलेले माइल्सही सुरक्षित नसतात, कारण जागेचा भाव कंपनी वाढवू शकते. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये ठरावीक भावांचे तक्ते काढून टाकले. आता मागणीप्रमाणे आकडा बदलतो. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या ‘किंग क्लब’मधल्या माइल्सना काही अर्थ उरला नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिच्या योजनेतले माइल्स ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने खात्यात राहिले, पण ज्या विमानांसाठी ते जमवले ती उडेनाशी झाली. विस्ताराच्या प्रवाशांचे नशीब बरे. नोव्हेंबर २०२४ मधल्या विलीनीकरणात त्यांचे गुण एअर इंडियाच्या योजनेत एकास एक वळवले गेले.

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा दिवसाचा भाव सर्वांना कळतो आणि एका पेढीचा मोड पटला नाही, तर दागिना शेजारच्या पेढीवर नेता येतो. माइलला शेजारची पेढी नाही. म्हणून सोने जपून ठेवावे. माइल्स मात्र एका प्रवासापुरते जमले, की पुढच्या वर्षाची वाट न पाहता वापरून टाकावेत.