अधिकारच नसेल, तर आरोपाचे काय?

अमेरिकेत २४ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी ‘एफबीआय’चे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावरील आरोपपत्र रद्द केले. न्यायालयाने आरोपांचा खरेखोटेपणा तपासलाच नाही. सरकारी वकील लिंडसे हॅलिगन यांची हंगामी नियुक्ती बेकायदा ठरली, आणि ग्रँड ज्युरीपुढे त्या एकट्याच उभ्या राहिल्या असल्याने त्यांच्या सहीचे आरोपपत्रही कोसळले. नव्याने खटला भरण्याचा मार्ग मात्र औपचारिकदृष्ट्या खुला राहिला. कोमी यांच्याबाबत पाच वर्षांची कालमर्यादा सप्टेंबरअखेरच संपली होती, आणि अवैध आरोपपत्र ती मर्यादा थांबवू शकत नाही, असे सूचन निकालातच होते.

भारतात असे घडले असते तर? आपल्याकडे आरोपपत्र पोलीस वा तपास यंत्रणा दाखल करते. सरकारी वकील ते न्यायालयात चालवतो. त्यामुळे वकिलाच्या नियुक्तीतील दोषाने खटल्याचा पाया सहसा ढळत नाही. जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्ता प्रकरणात हे दिसले. खटला कर्नाटकात वर्ग झालेला असताना अपिलासाठी विशेष सरकारी वकील भवानी सिंग यांना अधिकारपत्र दिले ते तमिळनाडू सरकारने. तमिळनाडूला तो अधिकारच नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१५ रोजी स्पष्ट केले. तरीही सुनावणी नव्याने घेण्याची गरज नाही, असेही सांगितले. दोषामुळे न्यायाची प्रत्यक्ष हानी झाली का, ही आपल्या कायद्याची कसोटी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४६५ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ५११ यांचा आशय तोच.

मात्र अधिकाराचा दोष स्वातंत्र्यावर थेट घाला घालतो, तेव्हा ही उदार कसोटी अपुरी पडते. भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात शंकर गुहा नियोगी यांच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चातून कामगारांसाठी लढलेल्या वकील सुधा भारद्वाज यांना भीमा कोरेगाव प्रकरणात २८ ऑगस्ट २०१८ रोजी अटक झाली. तपासाला ९० दिवसांची मुदतवाढ देणाऱ्या पुण्याच्या सत्र न्यायाधीशांना तो अधिकार नव्हता. राष्ट्रीय तपास यंत्रणा कायद्याखालील विशेष न्यायालय पुण्यात असताना तो त्या न्यायालयाचाच होता. याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना डिफॉल्ट जामीन दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तोवर तीन वर्षे उलटली होती. आरोपपत्र टिकले, खटला टिकला. सोबतच्या आठ आरोपींना त्याच निकालात जामीन नाकारला गेला. सुधा भारद्वाज यांना भिलाईला परतता आले नाही, कारण परवानगीविना मुंबईतील न्यायालयाची हद्द न सोडण्याची अट होती.

खटलाच शून्यवत ठरला, तरी आरोपीची सुटका अंतिम नसते. वैध मंजुरीविना चाललेला खटला हा कायद्याच्या दृष्टीने खटलाच नव्हे. म्हणून दुसरा खटला राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) मधील दुहेरी शिक्षेच्या मनाईत येत नाही, हे तत्त्व बैजनाथ त्रिपाठी विरुद्ध भोपाळ राज्य या १९५७ च्या निकालापासून रूढ आहे. त्यातच तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आपल्याकडे कालमर्यादा नाही. कोमींना मिळालेली ढाल येथील आरोपीला मिळत नाही.

यामागे तर्क आहे. सरकारी कारकुनी चुकीमुळे गुन्हेगार कायमचा सुटावा, असे कोणी म्हणणार नाही. पीडितांचाही न्यायावर हक्क आहे. पण चूक राज्याची, आणि तिची किंमत मात्र कोठडीतील माणसाने मोजायची, ही विभागणी न्याय्य नाही. उपाय अवघड नाहीत. नियुक्तीचे आदेश, मंजुरी आणि न्यायालयाचा अधिकार यांची कागदपत्रे पहिल्याच सुनावणीत अभिलेखावर यावीत. त्यांवरील आक्षेप ठरावीक मुदतीत निकाली निघावेत. आणि दोष सिद्ध झाल्यास नव्या खटल्याची मुभा देताना आधीच्या कोठडीची नुकसानभरपाई वा किमान जामीन बंधनकारक असावा. अधिकाराविना केलेली कारवाई वर्षानुवर्षे विनामूल्य दुरुस्त करता येत असेल, तर नियुक्तीचे नियम पाळण्याची निकड कोणत्याच सरकारला वाटणार नाही.