मराठी मुलखातील परदेशी मिशनरी : दैनंदिन जीवन आणि त्यातील अडचणी (१८१३ – १८६२)

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका व स्कॉटलंड येथून आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विचार महाराष्ट्रात मुख्यतः धर्मांतर आणि शिक्षण या दोन अंगांनी झाला आहे. त्यांचा रोजचा दिवस कसा जात असे, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात भाषा, प्रवास, आजार, कुटुंब आणि लोकांचा अविश्वास या पाच बाबींच्या आधारे त्या जीवनाचा परामर्श घेतला आहे. शिकविण्यासाठी आलेल्या या मंडळींना प्रथम विद्यार्थी व्हावे लागले आणि त्यांच्या कार्याचे स्वरूप या परावलंबनातूनच घडले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

परदेशी मिशने पाठविण्यासाठी अमेरिकेत १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली आणि त्याच महिन्यात ते भारताकडे निघाले. कलकत्त्यास पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. धर्मप्रसारामुळे प्रजेत असंतोष माजेल, ही कंपनीची जुनी भीती होती. शिवाय त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाल्याने हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिकही ठरले.

त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. येथेही हद्दपारीची टांगती तलवार होतीच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याशी त्यांनी दीर्घ पत्रव्यवहार केला. १८१३ च्या अखेरीस ते गुपचूप कोचीनकडे निघाले, पण त्यांना परत आणण्यात आले. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवान्याने प्रवेश खुला झाला आणि त्यानंतर त्यांचे वास्तव्य निर्वेध झाले. येथे राहता येईल की नाही, या अनिश्चिततेतच त्यांचे पहिले वर्ष गेले.

भाषा : पहिली पायरी

मुंबईतील मिशनऱ्याचा दिवस बहुधा पंडितासमवेत सुरू होत असे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) श्रीरामपुराहून प्रसिद्ध झाले होते. तथापि कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत होते आणि बंगालमध्ये बसून सिद्ध झालेली ती भाषा मुंबई-कोकणच्या बोलीशी पुरती जुळणारी नव्हती. म्हणून हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी भाषांतराचे काम नव्याने हाती घेतले. १८१६ मध्ये मिशनचा छापखाना उभा राहिला. ‘नवा करार’ १८२६ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये मराठीत पूर्ण झाले.

स्कॉटिश मिशनऱ्यांचा अनुभवही असाच होता. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. परंतु कार्यास आरंभ करण्यापूर्वी त्यांनी काही महिने कोकणातील बाणकोट-हर्णै परिसरात राहून मराठीचा अभ्यास केला. त्यांचे सहकारी जॉन स्टीव्हन्सन यांनी पुढे १८३३ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले.

या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर परकीयांची नावे आहेत. शब्द सुचविणारे, प्रयोग दुरुस्त करणारे आणि ‘असे कोणी बोलत नाही’ हे सांगणारे पंडित मात्र बहुतांशी अनामिक राहिले. मिशनच्या शाळांतही हीच स्थिती होती. आरंभी त्या शाळांतील शिक्षक बहुसंख्येने हिंदू असत. बेने इस्राएल मुलांच्या शाळांत त्या समाजातील शिक्षकही नेमले जात. ज्या धर्माचा प्रसार करावयाचा, तो न मानणाऱ्या शिक्षकांवाचून शाळा चालत नाही, हा पेच मिशनऱ्यांना रोज जाणवत होता.

प्रवास आणि टपाल

मुंबई-पुणे लोहमार्ग होण्यापूर्वी बेटावरून घाटावर जाणारा प्रवासी सामान्यतः होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाट चढे. आजच्या खांदेश्वर स्थानकापुढील स्थानक म्हणून ओळखले जाणारे पनवेल तेव्हा देशाचे प्रवेशद्वार होते. भरती-ओहोटी पाहून होडी सुटे. पुढचा प्रवास घोडा, पालखी, बैलगाडी अथवा पायी होत असे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तर पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्ये आली. तरीही मधला घाट २१ एप्रिल १८६३ पर्यंत रेल्वेविनाच ओलांडावा लागे. पावसाळ्यात दौरे बव्हंशी थांबत आणि ते महिने भाषांतर, मुद्रिते तपासणे व शाळांची देखरेख यांत जात.

टपालाची स्थिती अधिक कठीण होती. शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात असल्याने अमेरिकेस लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती पडण्यास वर्षही लागे. पैशाची मंजुरी, नव्या सहकाऱ्याची मागणी किंवा आईच्या मृत्यूची वार्ता, सर्वांना हाच नियम लागू होता. निर्णय येथेच घ्यावा लागे. त्याचा जाब मात्र फार नंतर विचारला जाई.

आजार आणि मृत्यू

१८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली पटकीची साथ पुढील वर्षी मुंबई इलाख्यात पोहोचली. रोग दूषित पाण्यातून पसरतो, हे तेव्हा ज्ञात नव्हते; कॅलोमेल आणि अफूचा अर्क हेच प्रचलित उपचार होते. सॅम्युएल नॉट प्रकृती ढासळल्याने १८१५ मध्ये मायदेशी परतले. १८१४ मध्ये मुंबईस आलेले सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने दगावले. १८२६ च्या मार्चमध्ये गॉर्डन हॉल नाशिककडे दौऱ्यावर गेले असता तेथे साथ होती. जवळची औषधे रुग्णांना वाटून ते परत निघाले आणि वाटेतच, २० मार्च रोजी, त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. ज्या ‘नव्या करारा’साठी त्यांनी बारा वर्षे घालविली, तो त्याच वर्षी पूर्ण झाला.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ च्या डिसेंबरमध्ये ठाणे उघडले, तेव्हा पहिल्या तुकडीत विल्यम हर्वी होते. पुढील वर्षीच्या मे महिन्यात तेही पटकीने गेले. त्यांचे सहकारी, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले बाबाजी रघुनाथ, १८३३ मध्ये निवर्तले. एक जाणार, दुसरा त्याचे अर्धवट काम उचलणार, हा या ठाण्यांचा जणू क्रमच झाला होता.

कुटुंब आणि स्त्रिया

मिशनच्या नोंदींत पत्नींचा उल्लेख पुष्कळदा केवळ ‘सहचारिणी’ म्हणून येतो. प्रत्यक्षात कष्टांचा मोठा वाटा त्यांनी उचलला. न्यूएल यांच्या पहिल्या पत्नी हॅरिएट मुंबईपर्यंत पोहोचल्याच नाहीत. कलकत्त्याहून घालवून दिल्यावर समुद्रप्रवासात त्या प्रसूत झाल्या. मूल दगावले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मार्गारेट विल्सन यांनी मराठी आत्मसात करून मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या.

सिंथिया फरार यांचे उदाहरण वेगळे आहे. १८२७ च्या अखेरीस त्या अविवाहित शिक्षिका म्हणून मुंबईस आल्या. अशा रीतीने परदेशी पाठविल्या गेलेल्या आरंभीच्या अमेरिकन स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ मध्ये तेथेच देह ठेवला. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली आणि त्यातून १८४८ च्या पुण्यातील मुलींच्या शाळेस चालना मिळाली, हे सर्वश्रुत आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. घरातील स्त्रियांपर्यंत पुरुष मिशनरी पोहोचू शकत नसे. तेथे स्त्रीलाच प्रवेश होता. मिशनसाठी जी अडचण होती, तीच स्त्रीशिक्षणाच्या पथ्यावर पडली.

अविश्वास आणि विरोध

पहिल्या दशकात धर्मांतरितांची संख्या अत्यल्प होती; लोकांना मिशनच्या शाळा हव्या होत्या, धर्म नको होता. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पालकांनी मुले काढून घेतल्याने शाळेचा पट कोसळला. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री प्रकरणाने पुन्हा वादळ उठले. त्या मुलास ज्ञातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला व स्वतः रोष पत्करला. धर्मांतराच्या प्रत्येक यशाची किंमत मिशनऱ्याला रिकाम्या वर्गाच्या रूपाने मोजावी लागे. शाळा आणि प्रचार ही दोन उद्दिष्टे परस्परांना पूरक आहेत, असे मायदेशीच्या देणगीदारांना वाटे; येथे मात्र ती अनेकदा एकमेकींच्या आड येत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. प्रथमतः, मिशनऱ्यांचे दैनंदिन जीवन स्थानिक पंडित, शिक्षक, नावाडी आणि नोकर यांच्यावर अवलंबून होते; म्हणून मराठी गद्य, कोश व मुद्रण यांतील त्यांचे कार्य हे संयुक्त कार्य मानणे उचित ठरते. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी मुद्रणाचे पहिले धडे अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात घेतले, ही त्या देवाणघेवाणीची पुढील पायरी होय. दुसरे असे की, जे परिणाम टिकले ते मूळ हेतूपेक्षा वेगळे होते. आले ते धर्मप्रसारासाठी. मागे राहिल्या त्या शाळा, व्याकरणे आणि छापखाने. तिसरी बाब अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मिशनची प्रसिद्ध पत्रे व अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असत. त्यांत त्याग ठळक होतो आणि परावलंबन झाकले जाते. विद्यार्थ्यांपुढे ही साधने ठेवताना सकाळी पंडितासमोर बसलेला, उच्चार चुकणारा तो परका माणूसही दाखवावयास हवा. गौरव आणि निषेध या दोन्ही टोकांपासून दूर राहून या इतिहासाचे मोजमाप करण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.