साडेचार तासांत तीन गणितं

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडची परीक्षा दोन दिवस चालते. रोज साडेचार तास आणि गणितं फक्त तीन! भारत १९८९पासून या स्पर्धेत उतरतो. १९९६ साली ती मुंबईतच भरली होती. म्हणजे जगातली निवडक मुलं एकेका गणितापाशी सरासरी दीड तास बसतात. आपल्याकडे मात्र गणितात हुशार म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त उत्तरं देणारा, अशी समजूत आहे. कितीतरी क्लास या समजुतीवरच चालतात.

डॉक्टरने यात का पडावं? कारण चाचणीच्या दिवशी सकाळी पोटात कळ येणारी मुलं आमच्या ओपीडीत येतात. तपासण्या नॉर्मल असतात. यातली काही वर्गात पहिली येणारी. दुखणं खोटं नसतं, नाटक तर मुळीच नसतं. धास्तावलेल्या मेंदूत आकडे तात्पुरते धरून ठेवायची जागा काळजीनेच अडते आणि येणारं गणितही चुकतं.

हुशार मुलांसाठी गणिताचा वर्ग जरूर चालवावा. पण पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधीच उरकणं म्हणजे तो वर्ग नव्हे. एक कोडं पाहा. बुद्धिबळाच्या पटावरची एका कर्णाच्या दोन्ही टोकांची घरं कापून टाका. उरली ६२. दोन घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी हा पट पुरता झाकता येईल का? मुलं पट्ट्या सरकवतात, वाद घालतात, हरतात. मग कुणाला तरी दिसतं की कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची होती. प्रत्येक पट्टी मात्र एक काळं, एक पांढरं घर झाकते. एका रंगाची ३२, दुसऱ्याची ३०. जमणारच नाही! यात सूत्र नाही, घड्याळ नाही, आणि ‘अशक्य आहे’ हे सिद्ध करण्यातली मजा पाचवीतल्या मुलालाही कळते.

पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. तिथे पाचवी-सहावीपासूनच अशी मुलं शोधली जातात. हे गावोगावी का होऊ नये? फळा, खडू, पंधरा-वीस मुलं आणि गप्प बसू शकणारा शिक्षक एवढं पुरतं. (शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ.) मुलं निवडताना गुणपत्रिकेआधी ‘असं का?’ विचारणारी पोरं बघावीत. ती नगरपालिकेच्या शाळेतही असतात. क्रमांकाचा तक्ता लावू नये. वर्ग पहाटे ठेवू नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, आणि शिकलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

आणि पोट दुखतच राहिलं तर? दुखण्याने रात्री जाग येत असेल, वजन घटत असेल, उलट्या किंवा ताप असेल, तर लगेच दाखवा. फक्त क्लासच्याच दिवशी दुखत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा आणि पंधरा दिवस क्लास बंद ठेवून बघा.